साहेबांची नापास बिअर

मी बिअरच्या कारखान्यात नोकरीला लागले तेव्हा आईनं गल्लीत सांगितलं, की मुलगी औषधांच्या कंपनीत लागली. औरंगाबादेत औषधांच्या कंपन्या बऱ्याच होत्या, त्यामुळे ते खपून गेलं. आमच्याकडे आजोबांपर्यंत भिक्षुकी, वडील कचेरीत कारकून. त्या घरातली मुलगी रोज सकाळी अकरा वाजता पगार घेऊन बिअर पिते, हे सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? वडिलांना मात्र मी पहिल्याच आठवड्यात खरं सांगून टाकलं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "चढते का?" मी म्हटलं, दोन घोटांनी काय चढणार? "मग ठीक आहे," म्हणाले, आणि पेपर परत वर घेतला.

कारखाना चिकलठाण्याला. क्रांती चौकातून कंपनीची बस मिळायची. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली, म्हणून प्रयोगशाळेत घेतलं होतं. यीस्ट सांभाळायचं, पाणी तपासायचं, टाक्यांतले नमुने भिंगाखाली बघायचे, हे माझं काम. पण महिनाभरात बिअर बनवणाऱ्या साहेबांनी मला चव तपासणाऱ्या पाच जणांत घेतलं. या पाच जणांना कारखान्यात पॅनल म्हणत. कुठलीही बिअर टाकीतून बाटलीत जायची, तर आधी पॅनलनं पास करावी लागे.

साहेबांची ओळख करून द्यायला हवी, कारण हे सगळं त्यांच्याबद्दलच आहे. ते फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातले. पहिल्या इयत्ता निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेल्या, पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाली, पुढे शिष्यवृत्ती मिळवून थेट विलायतेला बिअर बनवणं शिकायला गेलेले. गावात त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं, की पोरगं साखर कारखान्याचं शिकतंय. म्हणजे आमच्या दोघांच्याही घरच्यांनी एकच युक्ती केली होती. एवढी वर्षं परदेशात काढूनही साहेबांचं बोलणं फुलंब्रीचंच राहिलं होतं. चवीला ते चव म्हणायचे नाहीत, 'जायका' म्हणायचे.

त्यांचे पॅनलचे नियम कडक होते. डोक्याला वासाचं तेल नको, केसात गजरा नको, अत्तर नको, तपासणीच्या आधी पान-सुपारी नको. सकाळच्या डब्यात कच्चा कांदा तर अजिबात नको. संक्रांतीच्या दिवशी मी चुकून शेवंतीचा गजरा घालून गेले, तर मला दारातूनच परत पाठवलं. त्या दिवशी पॅनल चौघांचंच झालं. बिअर तपकिरी काचेच्या पेल्यांत येई, म्हणजे रंग दिसायचा नाही. कुठल्या टाकीतली आहे ते कुणी सांगायचं नाही. ज्यानं ती बनवली त्यानं त्या खोलीत बसायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, आवडली की नाही ते लिहायचं नाही, काय आहे ते लिहायचं. "तुमच्या आवडीला कोण इचारतंय, बाई? नाकाला इचारा," असं ते सुरुवातीलाच म्हणाले होते. मला ते फार लागलं होतं. घरीही माझ्या लग्नाच्या बोलण्यांत माझी आवड कुणी विचारत नव्हतं, त्यात हे एक.

पण शिकवायचे फार सुंदर. आमच्या चांगल्या बिअरमध्ये मुद्दाम थेंबभर काहीतरी घालून आणायचे आणि ओळखायला लावायचे. लोण्याचा वास आला तर यीस्टला पुरेसा वेळ दिला नाही. उकडलेल्या मक्याचा आला तर उकळी नीट फुटली नाही. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बाटलीत हवा गेली. पिकलं केळं आलं तर टाकी तापली होती. आणि लवंग आली तर सगळ्यांत वाईट, बाहेरचं रानटी यीस्ट आत शिरलं. तेव्हा पुढचं काही बघायचं नाही, सरळ नापास. वर्षभरात आम्ही पाचही जण असे तयार झालो, की पुढे लग्न झाल्यावर नवऱ्यानं पावसात भिजलेला पुठ्ठ्याचा खोका घरात आणला तरी मी पेलाभर बिअर नापास केल्यासारखा चेहरा करायची. बाटलीभरणी विभागाचे मुकादम खुलताबादहून रोज ये-जा करत. तेही पॅनलवर होते. त्यांची बायको म्हणे त्यांच्यापुढे वरण ठेवताना घाबरायची.

आता जरा बिअरचं सांगते. आमचा कारखाना लागर बनवायचा. देशातले जवळपास सगळेच कारखाने लागरच बनवायचे. ती थंडीत, टाकीच्या तळाशी, हळूहळू तयार होते. स्वच्छ, पिवळी, सरळ चवीची. तिच्यात यीस्टनं स्वतःचा वास सोडायचा नाही, अशीच अपेक्षा असते. दुसरी जात म्हणजे एल. ती उबेत होते, यीस्ट वर फेस करून बसतं आणि काम करता करता नाना वास सोडतं. साहेब विलायतेला शिकले ते मुळात एल. जगात लागरच्या आधी शेकडो वर्षं लोक एलच पीत होते, असं ते सांगायचे. पण इथं आल्यापासून त्यांनी आयुष्यभर लागरच बनवली होती. एलचं यीस्ट त्यांनी तिकडून काचेच्या नळीत आणलं होतं आणि ते जिवंत ठेवायचं काम माझ्याकडे होतं. दर काही महिन्यांनी मी त्याला नवं खाद्य द्यायची. त्याची बिअर कशी लागते ते मला माहीत नव्हतं. आम्हा पाचांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. औरंगाबादेत एल मिळणार कुठं?

साहेबांची निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांनी मालकांकडे एकच गोष्ट मागितली. निरोपाचं घड्याळ नको, शाल नको, एकदा गव्हाची एल बनवू द्या. मालक माणूस बरा होता, पण व्यापारी. तो म्हणाला, प्रयोगाची लहान टाकी घ्या. जमली तर दरवर्षी थोडी बनवू, चांगल्या हॉटेलांना देऊ, तुम्ही निवृत्तीनंतरही सल्ल्याला या. पण बाकीच्या बिअरसारखीच ती पॅनलनं पास झाली पाहिजे. साहेब म्हणाले, "ते तर व्हयलाच पायजे." म्हणजे सगळं त्या एका टाकीवर होतं. पास झाली तर या शहरात एल बनणार होती, नाही तर साहेबांची एल बाटलीत न जाताच साहेब घरी जाणार होते.

त्या दिवसांत साहेब तरणेताठे दिसायला लागले. गहू स्वतः निवडून आणला. टाकीच्या खोलीत कुणी नसलं की गुणगुणायचे. मी एकदा डोकावले तर टाकीवर कान ठेवून उभे. मला म्हणाले, "बाई, तुमचं यीस्ट लई गुणाचं हाय. बघा कसं बोलतंय." आत फसफस चालली होती. मी आधी यीस्टकडे नुसतं काम म्हणून बघायची. त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला.

मग एके सकाळी नेहमीसारखं पॅनल बसलं. तपकिरी पेले आले. साहेब खोलीत नव्हते, पण ते तर अधूनमधून नसायचेच. पहिला नमुना ठीक. दुसराही ठीक. तिसरा नाकाशी नेला आणि मी चमकले. पिकलं केळं. एक श्वास थांबून लवंग. घोट घेतला तर जिभेवर मऊ, आणि परत लवंग. मी मान खाली घालून लिहिलं: केळं, लवंग, बाहेरचं यीस्ट, नापास. बाकीच्या चौघांनीही न बोलता तेच लिहिलं. मुकादमांनी तर खाली दोन रेघा ओढल्या. एवढी खराब बिअर आम्ही बऱ्याच काळात बघितली नव्हती आणि ती अचूक पकडल्याची आम्हाला चांगलीच ऐट आली होती.

आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही, की ही एल असेल. हे आज कुणाला पटत नाही. पण आमची समजूत अशी होती, की एल म्हणजे आमच्याच बिअरची थोरली बहीण, तीच चव पण आणखी छान. इतकी वर्षं जे वास दोष म्हणून पाठ केले, तेच कुठल्या तरी बिअरचे गुण असतील, असं लागरच्या कारखान्यातल्या माणसाला सुचणारच नाही.

साहेबांनी पाचही निकाल वाचले. मग खालच्या जागेवर सही केली, नापास म्हणून. आणि मग आम्हाला म्हणाले, "तीन नंबरची एल व्हती."

मला पहिल्यांदा राग आला, आणि तो त्यांच्यावरच. मी म्हटलं, "साहेब, तुम्हीच शिकवलं लवंग म्हणजे नापास. तुम्हाला माहीत होतं आम्ही काय लिहिणार. आधी एका शब्दानं सांगायचं होतं."

"सांगून पास केली आसती तर ती पास झाली का?" ते म्हणाले. "मला वाटलं व्हतं, चांगली आसंल तर नाक थांबंल जरा. पर तुमचं नाक लई पक्कं केलंय मी."

मग त्यांनी स्वतः जाऊन एक जग भरून आणला आणि साध्या काचेच्या ग्लासात आम्हाला ओतून दिली. "आता तपासू नका. प्या." ती ढगाळ होती, उन्हात धरलेल्या ताज्या उसाच्या रसासारखी, वर जाड पांढरा फेस. आणि काय सांगू, ती अप्रतिम होती. केळं होतं, पण घरात घडाची केळी पिकायला लागल्यावर दुसऱ्या खोलीतून वास येतो तेवढंच. लवंग होती, मसालेभाताला असते तेवढी. मागे ताज्या कणकेचा वास. गव्हानं सगळं अंग मऊ केलेलं. तासाभरापूर्वी हेच सगळं मी दोष म्हणून लिहिलं होतं आणि आता ग्लास खाली ठेववत नव्हता. मुकादम म्हणाले, "साहेब, निकाल फाडा. आमी परत लिवतो." आम्ही सगळ्यांनीच तसा हट्ट धरला. मी तर भांडलेच. म्हटलं, नियम काय देवानं केलाय का?

ते ऐकेनात. म्हणाले, एकदा निकाल फिरवला तर उद्या खरोखर खराब टाकी आल्यावर मालक म्हणेल, तेव्हा फिरवला होता, आता फिरवा. मग पॅनल कशाला हवं? त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि मला ते अजिबात पटलं नाही. कारखान्यातच बसणारे उत्पादन शुल्क खात्याचे अधिकारी आले, नापास बिअर गटारात सोडायला त्यांच्यासमोरच टाकीची तोटी उघडायची असते. साहेबांनी ती स्वतः उघडली. आवारभर केळ्याचा वास सुटला. कँटीनमधले लोक बाहेर येऊन विचारायला लागले, की आज शिरा केलाय का. साहेब टाकी रिकामी होईपर्यंत उभे होते. वाईट वाटलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही.

मला वाटलं, आता हा माणूस निवृत्तीपर्यंत खोलीतून बाहेर पडायचा नाही. झालं उलटंच. पुढच्याच शनिवारी जेवणाच्या सुट्टीत ते आमच्या टेबलाशी येऊन बसले, हातात डबा. म्हणाले, "चूक माझी हाय. तुमाला अर्धीच बिअर शिकवली. ऱ्हायलेली शिकवतो." एल तर नव्हती. मग त्यांनी डबा उघडला.

त्या डब्यातून मी जे शिकले ते कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. ज्वारीच्या भाकरीचा तव्यावर करपलेला पापुद्रा आणि त्यावर थेंबभर काकवी, एकत्र चावा, अशा जायक्याच्या एलला पोर्टर म्हणतात. लंडनच्या हमालांची आवडती. त्याच पापुद्र्याबरोबर कॉफीची भाजलेली बी चावा, ही स्टाउट. काळीभोर, आणि कधी कधी ओट्स घालून सायीसारखी मऊ केलेली. कोऱ्या चहात बुडवलेलं बिस्किट आणि संत्र्याची साल, ही इंग्रजांची रोजची बिटर, फार थंड न करता गप्पा मारत प्यायची. मग तीच साल नखानं दाबून नाकाशी धरायला लावली आणि वर कडुनिंबाची कोवळी पानं चावायला दिली. ही इंडिया पेल एल. "ही तर आपल्या मुलखातल्या गोऱ्यांसाठी जहाजावर चढवत व्हते," साहेब म्हणाले. "छावणीतल्या सोजिरांनी पिली आसंल. नाव आपलं, आन आपल्यालाच जायका ठाव नाय." मुकादमांनी कडुनिंब थुंकला आणि म्हणाले, ठाऊक नव्हता तेच बरं होतं.

कधी धणे कुटून आणायचे, बेल्जियमची गव्हाची बिअर समजावायला. कधी खारीक, मनुका आणि जुना गूळ, वर्षानुवर्षं मुरवलेल्या जड एलसाठी. आंबटासाठी आंबील आणली होती, घरची, दोन दिवस आंबवलेली. तिकडे एका प्रकारची एल अशीच आपोआप आंबू देतात आणि लोक ती मोठ्या कौतुकानं पितात, हे ऐकून मला आमच्या आजीची फेकून दिलेली आंबील आठवली. हिवाळ्यात त्यांच्या शेतावर हुरड्याला बोलावलं. आगटीतून काढलेली कणसं हातावर चोळत होतो, तेव्हा म्हणाले, माल्ट, म्हणजे बिअरसाठी मोड आणलेलं धान्य, असंच धुरावर वाळवलं की धुराची बिअर होते. आणि प्रत्येक वेळी तेच सांगायचे, की दोष आणि गुण वेगळे नसतात, कुठल्या बिअरला काय शोभतं ते बघायचं. हे इतक्या आनंदानं सांगायचे, की आपली टाकी गटारात गेलेला माणूस हा, असं वाटायचंच नाही. मी आयुष्यात शिक्षक पुष्कळ बघितले. नापास झाल्यावर परीक्षकांनाच शिकवायला बसलेला हा एकच.

ते निवृत्त झाले. दुसरी एल बनली नाही. मालकानं पुढे कारखाना विकला, आम्ही लागर पास-नापास करत राहिलो आणि यथावकाश मीही घरी बसले. शहराचं नाव बदललं.

त्यानंतर एल मी प्यायले ती थेट पुण्यात. मुलगी तिथं नोकरीला. तिनं मला एका ठिकाणी नेलं, जिथं काचेमागे तांब्याची भांडी दिसतात आणि तिथंच बनवलेली बिअर मिळते. लाकडी फळीवर लहान लहान ग्लास मांडून आणले. मुलगी नावं वाचून दाखवायला लागली तर मी म्हटलं, थांब. एकेक नाकाशी धरला. ही पोर्टर. ही बिटर. ही इंडिया पेल एल, आणि हिच्यात संत्र्याची साल जरा जास्तच झाली आहे. बनवणारी मुलगी, असेल माझ्या लेकीच्याच वयाची, येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही कुठं शिकलात?" मी म्हटलं, औरंगाबादला, डब्यातून. तिला ते कळलं नाही. शेवटचा ग्लास ढगाळ होता. तो उचलायच्या आधीच मला वास आला आणि डोळे भरून आले. लेक घाबरली. मी तिला सांगितलं, काही नाही, ही पास आहे.

त्या मुलीनं गव्हाची बिअर मोठ्या बाटलीत भरून दिली. मी ती बर्फात ठेवून घरी आणली आणि दुसऱ्याच दिवशी मुकादमांना फोन केला. पॅनलपैकी आता आम्ही दोघंच उरलो होतो. फुलंब्रीच्या पुढं साहेबांचं शेत, तिथं आम्ही दोघं गेलो. साहेब ओट्यावर बसले होते, खूप म्हातारे झालेले, पण मान ताठ. सुनेनं स्टीलचे पेले आणून दिले. मी सांगितलं, साहेब, गव्हाची एल आहे, पुण्याच्या एका पोरीनं बनवलेली. त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ नुसता नाकाशी ठेवला. मग घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"केळं ब्येस हाय," ते म्हणाले. "लवंग जरा कमी. गहू चांगला वापरलाय. पोरीला सांगा, लई चांगली बनवली म्हणून."

मी म्हटलं, सांगते.

त्यांनी आणखी एक घोट घेतला. समोर कपाशीत सून पाणी धरायला निघून गेली होती. त्या टाकीबद्दल, ती ओतून दिली त्या दिवसापासून, साहेब आमच्यापाशी कधी एक अक्षर बोलले नव्हते. आम्हीही विचारलं नव्हतं.

"पर माझी हिच्यापरीस चांगली व्हती," ते म्हणाले, आणि पेला तसाच हातात धरून रडायला लागले.